फ्रिजविना तीन दिवस: सातपुड्यातील मुक्कामाचा शिधा कसा आखावा

जळगाव-धुळ्याकडे होळी जवळ आली की सकाळी नऊलाच ऊन चटका देऊ लागते आणि दुपारी बंद गाडीच्या डिकीत राहिलेला जेवणाचा डबा म्हणजे आंबवण घातलेले भांडेच होऊन बसते. तोरणमाळ, पाल किंवा सातपुड्याबाहेरच्या पाटणादेवीच्या परिसरात दोन रात्रींचा मुक्काम ठरवणारी मंडळी तंबू, बॅटरी, सतरंज्या यांची यादी आठवडाभर आधी करतात, पण जेवणाचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या रात्री होतो. मग घरातल्या बाईमाणसाने पहाटे उठून जे केले असेल ते डब्यात भरून निघायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डब्याचे झाकण उघडून एकमेकांकडे पाहायचे, असा क्रम ठरून गेलेला असतो.

या आखणीतला कळीचा मुद्दा पाण्याचा आहे. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना ऊब लागते आणि ओल लागते. ऊब कमी करणे आपल्या हाती नसते, ओल मात्र असते. म्हणून घरून निघताना जिन्नस शक्य तितके कोरडे असावेत, पाणी मुक्कामावरच्या पातेल्यात पडावे आणि पातेल्यात पाणी पडले की ते पातेले त्याच बैठकीत रिकामे व्हावे. खाली सांगितलेले सगळे या एका सूत्राच्या आधारे ठरवलेले आहे.

साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेले ओलसर अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक ठेवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पार जाणाऱ्या आपल्या मुलखात तो एक तासही काटेकोरपणे मोजावा लागतो. ‘पुन्हा चांगले उकळून घेऊ’ हा उपाय नेहमी चालत नाही, कारण काही जिवाणूंनी अन्नात सोडलेले विष उकळल्यानेही जात नाही. भाताच्या बाबतीत तर हे विशेष लक्षात ठेवावे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही तग धरतात, उरलेल्या कोमट भातात ते पुन्हा वाढतात आणि त्यांनी तयार केलेले वांतीकारक विष फोडणीच्या आचेला दाद देत नाही. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देणे ही आपल्याकडची घरोघरची सवय असली तरी मुक्कामावर ती पूर्णपणे सोडून द्यावी. भात उरला तर तो टाकून द्यावा, आणि तो उरूच नये यासाठी तांदूळ मोजून शिजवावा.

घरून तयार करून न्यायचे पदार्थ फक्त पहिल्या दुपारपुरते आणि कोरड्या तोंडीलावण्यापुरते ठेवावेत. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी निघणाऱ्यांची शिदोरी पाहिली तर तिच्यात दशमी, कोरडी चटणी, गूळ आणि शेंगदाणे असतात. रश्श्याचा डबा सहसा नसतो, आणि त्यामागे पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. दशमी भाकरीपेक्षा अधिक वेळ मऊ राहते, मात्र दुधात भिजवलेली असल्याने ती उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नये. तिखट पुऱ्या कडक तळल्या तर थोड्या अधिक टिकतात. बटाट्याची सुकी भाजी न्यायची असल्यास कांदा-टोमॅटो न घालता करावी आणि पहिल्या दुपारी संपवावी.

गरम पदार्थ गरमच बांधू नये, ही सूचना सर्वांना पाठ असते आणि घाईत सर्वजण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मीही केले आहे. एका मार्चमध्ये तोरणमाळला जाताना पहाटेच्या गडबडीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, वीस भाकरी तव्यावरून उतरवून थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी सोडली तेव्हा तिच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब लटकले होते, भाकरी एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यातली एक तोडली तर दोन तुकड्यांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तार सुटली. वीसच्या वीस भाकरी खड्डा करून पुराव्या लागल्या आणि रात्री आठ माणसांनी फुटाण्यांवर भागवले. तेव्हापासून भाकरी टोपलीत उभ्या लावून पूर्ण निववणे आणि सुती फडक्यात बांधणे एवढे केल्याशिवाय मी गाडीची किल्ली हातात घेत नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे भाकरी नेण्याऐवजी पीठच न्यावे. कळण्यासाठी आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट उडीद आणि थोडे मीठ घालून दळतात. पीठ निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी दळून आणावे, कारण जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि घरच्या ओट्यापेक्षा दगडावर बसून थापताना ती अधिकच चिरते. दर माणशी एका जेवणाला 100 ते 125 ग्रॅम पीठ पुरते. पीठ गरम पाण्यात भिजवले तर नवख्या हातालाही भाकरी बऱ्यापैकी साधते.

ठेचाही तिथेच करावा. लसूण घातलेला ओला ठेचा तेलात बुडवून बाटलीत भरून नेण्याची पद्धत काही जण सुरक्षित समजतात, पण ती नेमकी उलट आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि हवा नसलेल्या, ओलसर, उबदार जागी बॉट्युलिझमचे जीवघेणे विष निर्माण करणारे जिवाणू वाढू शकतात. हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या सुट्या न्याव्यात, तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजाव्यात, शेंगदाणे आणि मीठ टाकून तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडाव्यात. पाच-सात मिनिटांचे काम आहे, आणि त्याचा वास सुटला की तंबू ठोकणारेही आपोआप चुलीकडे सरकतात.

भाज्यांचा क्रम त्यांच्या टिकण्यावरून ठरवावा. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात पहिल्या संध्याकाळपर्यंत संपवावी. वांगी, गिलकी, भेंडी दुसऱ्या दुपारपर्यंत. बटाटे, कांदे, लसूण आणि न कापलेले डांगर शेवटपर्यंत चालते. भाज्या घरी धुऊन किंवा चिरून नेऊ नयेत, कारण चिरलेल्या भागातून पाणी सुटते आणि तिथूनच नासाडी सुरू होते. टोमॅटो अर्धकच्चे निवडून पत्र्याच्या डब्यात कागदात गुंडाळून ठेवावेत. केळी आपल्याकडे मुबलक असली तरी पिकलेला घड सोबत घेणे म्हणजे बाकीच्या फळांनाही लवकर पिकवणे होय, कारण पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो. हिरवटसर केळी वेगळ्या पिशवीत, सर्वांत वर ठेवावीत.

ओल्या गोणपाटाचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. माठातले पाणी गार होते ते बाहेरच्या अंगावरून पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते म्हणून. खानदेशातली उन्हाळी हवा अत्यंत कोरडी असल्याने सावलीत, वाऱ्याच्या तोंडी ठेवलेल्या आणि सतत ओल्या राखलेल्या गोणपाटाखाली भाज्या, मिरच्या आणि लिंबे चांगली टवटवीत राहतात. तीच युक्ती श्रावणात फसते, कारण हवेतच ओल भरलेली असते. शिवाय कोरड्या दिवसांतही त्याखालचे तापमान फ्रिजइतके खाली कधीच जात नाही, त्यामुळे शिजवलेले अन्न किंवा फोडलेली दुधाची पिशवी त्याच्या भरवशावर ठेवू नये. दुधासाठी भुकटी न्यावी किंवा फ्रिजशिवाय टिकणाऱ्या दुधाचे लहान, सीलबंद खोके घ्यावेत आणि फोडलेले खोके चहाच्या एका फेरीतच संपवावे.

आता चार माणसांच्या, शुक्रवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परतण्याच्या बेताचे उदाहरण घेऊ. पहिल्या दुपारी घरची दशमी, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. पहिल्या संध्याकाळी भरीत आणि कळण्याची भाकरी, कारण वांगी आणि पात हे दोन्ही नाजूक जिन्नस आहेत आणि भरीत ताजेच खाण्यात मजा आहे. हिवाळ्यातील मुक्काम असेल तर भरताची मोठी हिरवी वांगी मिळतातच. चार जणांना दीड किलो घ्यावीत. दुसऱ्या सकाळी पोहे, माणशी 80 ग्रॅम. दुपारी मसूर डाळीची खिचडी. माणशी 80 ग्रॅम तांदूळ आणि 40 ग्रॅम डाळ, सोबत भाजलेला पापड आणि लोणचे. तुरीपेक्षा मसूर किंवा मूग लवकर शिजतात आणि इंधन वाचते, एवढ्यासाठीच ही निवड आहे. तिसऱ्या सकाळी घरी भाजून नेलेल्या रव्याचा सांजा आणि निघण्यापूर्वी पिठले-भाकरी. माणशी 50 ग्रॅम बेसन पुरेसे होते.

दुसऱ्या रात्रीसाठी शेवभाजीला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. या पदार्थात मुळातच सगळे कोरडे असते आणि दमलेल्या माणसाला हवा असतो तसा झणझणीत रस्सा अर्ध्या तासात तयार होतो. एकच अडचण असते ती वाटणाची, कारण भाजलेला कांदा आणि खोबरे पाणी घालून वाटून नेले तर ते दुसऱ्या दिवशी फसफसते. त्यावर उपाय असा: सुके खोबरे लालसर भाजावे, उन्हात कडकडीत वाळवलेला कांदा तेलाविना कुरकुरीत करावा, थोडी खसखस आणि दोन चमचे डाळ्या भाजून हे सर्व पूर्ण गार झाल्यावर कोरडेच बारीक करावे आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे. मुक्कामावर ओला कांदा आणि लसूण तेलात परतून, त्यात घरचा काळा मसाला आणि तिखट टाकावे, मग ही पूड घालून तेल सुटेपर्यंत हलवावे आणि नंतर उकळते पाणी ओतावे. गार पाणी ओतले तर तर्री नीट येत नाही. चार माणसांना 250 ग्रॅम जाड तिखट शेव लागते आणि ती ताटात वाढतानाच रश्शात टाकायची असते. पातेल्यात टाकली तर दुसऱ्या वाढीपर्यंत तिचा लगदा होतो.

मांसाहाराबद्दल थोडक्यात एवढेच, की कच्चे मटण किंवा कोंबडी घरून नेऊ नये. वाटेतल्या गावात ताजी कापून मिळाली तर तिथून थेट मुक्कामावर आणून लगेच शिजवावी आणि त्याच जेवणात संपवावी. सुकट आणि सुके बोंबील मात्र निर्धास्तपणे नेता येतात. अंडी हिवाळ्यात चालतात; उन्हाळ्यात नेऊ नयेत.

पाण्याचा हिशेब जेवणाइतकाच गांभीर्याने करावा. उन्हाळ्यात चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठीच दिवसाकाठी चार लिटर लागू शकते, त्यात स्वयंपाक आणि भांडी यांचे आणखी दोन लिटर धरावेत. झऱ्याचे किंवा तलावाचे पाणी फडक्यातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. स्वच्छ दिसते म्हणून ते तसेच पिऊ नये.

इंधनाची सोय ठिकाण पाहून ठरवावी. यावल आणि गौताळा औट्रमघाट ही अभयारण्ये आहेत. तिथे मुक्कामासाठी वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि राखीव जंगलात आग पेटवणे हा 1927च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. चुलीचा हट्ट सोडून, परवानगी आहे त्या जागीच लहान गॅसची शेगडी वापरावी. भुसावळ किंवा जळगावहून रेल्वेने कुठे जाणार असाल तर गॅसची टाकी आणि रॉकेल गाडीत नेता येत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे. अन्न तंबूत ठेवू नये. माकडे दिवसा येतात, मुंग्या रात्री येतात आणि सातपुड्यात अस्वलांचाही वावर आहे. झाकणाचे डबे गाडीत बंद करून ठेवणे सर्वांत सोयीचे.

शेवटी एक गाठोडे वेगळे बांधावे आणि त्याला गरज पडल्याशिवाय कोणी हात लावू नये: भडंग, फुटाणे, गूळ, शेंगदाणे, केळीचे वेफर्स आणि भाजून खाता येतील असे डझनभर बिबडे (ज्वारीचे पापड). पाऊस आला, शेगडी रुसली किंवा घाटात गाडी बंद पडली तर चार माणसांचे एक पूर्ण जेवण त्यातून निघाले पाहिजे. ते वापरावे न लागल्यास परतीच्या वाटेवर शहाद्याच्या चहाच्या टपरीवर सोडावे. तोपर्यंत सर्वांना पुन्हा भूक लागलेली असते.