तक्रारीत मागणी आधी लिहा

"एकदम भंगार सेवा" असं लिहिलं की "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच छापील उत्तर येतं. मी आता उलट्या क्रमाने लिहिते.

पहिल्याच ओळीत काय हवंय ते: पैसे परत, वस्तू बदलून की दुरुस्ती पुन्हा. खाली तारीख आणि ऑर्डर क्रमांक. मग घडलेलं, विशेषणं गाळून. "फार उशीर केला" असं नाही, तर "१० ते १२ची वेळ दिली होती, माणूस ४:४० ला आला, मधे फोन नाही." यावर वाद घालायला जागाच उरत नाही. काही चांगलं झालं असेल तर तेही लिहा, पण उगाच लोणी लावू नका.

मात्र स्वतः पाहिलं तेवढंच लिहा. "हे लोक चोर आहेत" हा थेट आरोप झाला, तो अंगाशी येऊ शकतो.