मानफ्रेड क्रुग ऐकायला कुठून सुरुवात करावी

मी पुण्यात जर्मन शिकवते. बी-वन (जर्मनची मधली पातळी) पार केलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, आता ऐकायला काय घेऊ?" बातम्या आणि पॉडकास्ट सगळेच सुचवतात. मी मानफ्रेड क्रुग सुचवते. पूर्व जर्मनीत जर्मन भाषेतच जॅझ गाणारा, आणि त्यातल्या कितीतरी गाण्यांचे शब्द स्वतः लिहिणारा हा गायक. पण तो ऐकायचा तर क्रम नीट लावावा लागतो.

इंटरनेटवर त्याचं नाव टाकलं की 1976 आणि 1977 या दोन सालांचाच पाऊस पडतो; त्या सालांत काय झालं ते पुढे येईलच. तिथून सुरुवात करू नका. आधी राजकारण वाचलं की प्रत्येक प्रेमगीतात छुपा निषेध शोधायची खोड लागते आणि गाणं राहतं बाजूलाच. आधी आवाज ओळखीचा होऊ द्या.

'आमिगा' या पूर्व जर्मन सरकारी रेकॉर्ड कंपनीनं सत्तरच्या दशकात काढलेल्या त्याच्या चार एलपी घ्या: 'दास वार नूर आइन मोमेंट' (1971), 'आइन हाउख फॉन फ्र्युलिंग' (1972), 'ग्रीन्स' (1974) आणि 'डू बिस्ट हॉयटे वी नॉय' (1976). चारही ग्युंटर फिशर या संगीतकाराबरोबर केलेल्या. पहिलीपासून सुरू करा आणि घाई करू नका. एका बैठकीला दोन गाणी पुष्कळ झाली.

प्रत्येक गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा शब्दांकडे लक्षच देऊ नका. बेस आणि ड्रम्सचा ठेका मांडीवर धरा आणि क्रुगची ओळ त्या ठेक्यावर कुठे पडते ते बघा. बहुतेक वेळा ती किंचित मागे पडते. तो ठेक्याला पुढे जाऊ देतो, मग आरामात येतो, आणि तरी ओळ संपताना बरोबर जागेवर असतो. शास्त्रीय संगीत ऐकलेल्या कानाला यातली मजा लगेच कळते.

दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. इथे एक गोष्ट अगदी जवळून ऐकण्यासारखी आहे. जर्मन शब्द बरेचदा ट, क, स्ट अशा कडक व्यंजनांवर संपतात. आमची मुलं तिथेच अडखळतात, आणि जॅझ गाताना पुष्कळ गायक ती व्यंजनं गिळून टाकतात. क्रुग एकही गिळत नाही. स्वर लांबवतो, शेवटचा 'ट' स्वच्छ ठेवतो, आणि तो 'ट' ड्रमच्या काडीसारखा वाजतो. ओळी बोलीतल्या, छोट्या, स्वयंपाकघरात कुणाशी तरी बोलावं तशा. तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर मोठ्यानं म्हणा. सूर लागला नाही तरी चालेल, व्यंजनं सुटू देऊ नका. उच्चार सुधारायला याहून चांगला व्यायाम मला अजून सापडलेला नाही.

आता तबकडीवरची बारीक अक्षरं वाचा. संगीत फिशर. शब्द: क्लेमेन्स केर्बर. हा केर्बर म्हणजे क्रुगच. गीतकार म्हणून त्यानं हे टोपणनाव घेतलं होतं. म्हणून त्याची गीतं शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मा माणूस हातातून निसटतो.

चार एलपी मुरल्या की मागे जा. क्रुगचा जन्म 1937 चा, पश्चिमेकडच्या ड्युसबुर्गचा. 1949 मध्ये वडिलांबरोबर तो पूर्वेला आला. बहुतेकांची ये-जा तेव्हा उलट दिशेनं चालली होती. ब्रांडेनबुर्गच्या पोलाद कारखान्यात तो पोलाद वितळवायचं काम शिकला. कपाळावरची ती ठळक खूण तिथलीच, वितळलेलं पोलाद उडाल्याची. 1962 चा 'आउफ डेर झोनेनझाइटे' हा सिनेमा बघा: त्यात तो पोलाद कामगारच आहे आणि गातोही. त्या काळच्या 'जॅझ आणि कविता' कार्यक्रमांतलं त्याचं 'जॅझ-ऑप्टिमिस्टेन' या बँडबरोबरचं काम मिळालं तर जरूर ऐका. विमानाच्या पंख्यात सापडलेल्या गाईची, झोश्चेंको या रशियन लेखकाची गोष्ट त्यानं वाचली आहे. ती बी-टू ही पुढची पातळी झाल्यावर ऐका, वेग फार आहे. 1970 मध्ये बर्लिनच्या कोमिशे ओपर या ऑपेरागृहात 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातली स्पोर्टिंग लाइफ ही भूमिकाही त्यानं केली, म्हणजे आवाजाची झेप केवढी होती बघा.

'श्पूर डेर श्टाइने' मात्र चुकवू नका. 1966 चा हा सिनेमा, दिग्दर्शक फ्रांक बायर. सुतारांच्या टोळीचा मुकादम बाला ही क्रुगची भूमिका. थोडेच दिवस चालला आणि बंदी आली, ती उठली 1989 मध्ये. यात गाणं शोधू नका, चाल बघा, खांदे बघा. गाताना ठेक्याच्या मागे राहणारा माणूस चालतानाही तसाच आहे.

आता 1976 कडे या. नोव्हेंबरात वोल्फ बिअरमान या कवी-गायकाचं नागरिकत्व पूर्व जर्मन सरकारनं काढून घेतलं, कारण तो पश्चिमेत, कोलोनला, मैफल करून बसला होता. लेखक-कलावंतांनी निषेधाचं पत्र काढलं, त्यावर क्रुगनंही सही केली. 20 नोव्हेंबरला पांको भागातल्या त्याच्या घरी सत्ताधारी पक्षाचा बडा नेता वेर्नर लांबेर्त्स आला. समोर क्रिस्टा वोल्फ, श्टेफान हाइम, युरेक बेकर अशी लेखक मंडळी. क्रुगनं ते सगळं बोलणं गुपचूप टेप केलं. पुढे काम मिळेनासं झालं आणि जून 1977 मध्ये तो कुटुंबासह पश्चिमेत गेला. टेपमधलं संभाषण आणि त्यानंतरची डायरी 'आपगेहाउएन' नावाच्या पुस्तकात 1996 साली आली. हे पुस्तक दोघांनी मिळून मोठ्यानं वाचा. कोण कुणाचं वाक्य तोडतं, कोण नम्रपणे धमकी देतं, हे वाचताना उघड होतं. मला तर क्रुगची बोलण्याची लय गाण्याइतकीच आवडते.

पश्चिमेतली वर्षं मुख्यतः टीव्हीची. ती भरभर पुढे घेतली तरी हरकत नाही. बर्लिनच्या वकिलाची 'लीबलिंग क्रॉइत्सबेर्ग' मालिका मात्र बघा; ती बेकरनं, म्हणजे त्याच्या जुन्या मित्रानं, लिहायला घेतली होती. 'टाटोर्ट' या गुन्हेकथांच्या टीव्ही मालिकेत 41 भाग तो हॅम्बुर्गचा पोलीस अधिकारी श्टोएवर होता. नंतरच्या भागांत सहकारी ब्रॉकम्योलरबरोबर तो चक्क गायला लागतो. जर्मनीत कित्येकांना त्याचं गाणं इतकंच ठाऊक असतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

शेवटी 2014 चा 'आउसरवेल्ट' लावा. सोबत उशी ब्र्युनिंग आहे, लाइपझिगची, पूर्व जर्मनीची फार मोठी जॅझ गायिका. सत्त्याहत्तरीतला त्याचा आवाज खरखरीत झालाय, व्यंजनं मात्र शाबूत. 1971 च्या एलपीनंतर लगेच हा अल्बम ऐकू नका, मधे सिनेमे आणि पुस्तक होऊ द्या. क्रुग 2016 मध्ये गेला. त्यानंतर ऐकायचं ते ब्र्युनिंगचं सत्तरच्या दशकातलं, फिशरबरोबरचं गाणं. बँडचा ढंग ओळखीचा वाटेल, गाण्याची रीत सगळी वेगळी. तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीपासून: ठेका मांडीवर, शब्द नंतर.