विमानतळावर बॅग आलीच नाही, तर

पट्टा थांबला आणि बॅग आली नाही, तरी बाहेर पडायची घाई करू नका. आधी पट्ट्याशेजारी उतरवून ठेवलेल्या बॅगा आणि मोठ्या सामानाची वेगळी जागा बघा. तिथेही नसेल तर विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर जाऊन पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल नोंदवा. एकदा बाहेर गेलात की बॅग प्रवासातच हरवली हे पटवणं जड जातं.

चेक-इनला मिळालेली टॅगची चिठ्ठी इथे कामाला येते. तिच्यावरचा 10 अंकी नंबर हीच बॅगेची ओळख. 'काळी, मध्यम आकाराची' एवढ्यावर काही सापडत नाही, कारण निम्म्या बॅगा तशाच असतात. चाकं दोन की चार, कुठे ओरखडा, आत सगळ्यात वर काय ठेवलंय, हे सांगा. टॅग तुटलेली बॅग उघडूनच ओळखावी लागते, म्हणून नाव-फोनची चिठ्ठी आतही असू द्या.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी 1999 चा माँट्रियल करार, म्हणजे विमान कंपनीने द्यायच्या भरपाईचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार, लागू असतो. बॅग फुटली तर 7 दिवसांत, उशिरा आली तर हातात पडल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करा. अहवाल नोंदवला म्हणजे दावा झाला, असं समजू नका. इथेच अनेकांची भरपाई बुडते. 21 दिवसांत बॅग पोचलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या, औषधांच्या पावत्या जपा.

आणि दुसऱ्याची बेवारस बॅग दिसली, तर हात न लावता सुरक्षा कर्मचाऱ्यांना सांगा.