शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती धंदा: थोडं भांडवल अडकवणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरात घरातून काही सुरू करायचं म्हटलं की पहिलं नाव शेंगाचटणीचं निघतं. ते बरोबरही आहे. हात आधीच बसलेला असतो, शेंगदाणे आणि मिरची मार्केट यार्डात मिळते, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला येणारे-जाणारे आवर्जून घेतात आणि पुण्यात स्थायिक झालेला सोलापूरकर डबा भरून मागवतो. 20-25 हजारांत सुरुवात होते. पण एवढंसं भांडवल बुडतंही लवकर, आणि चव कमी पडली म्हणून क्वचितच. पैसा अडकतो आणि पुढच्या खेपेचे दाणे आणायला हातात काही उरत नाही. खालच्या बहुतेक चुका तिथेच नेतात.

आधी यंत्र घेणं

कर्ज मंजूर झालं की पहिल्या आठवड्यात कांडप यंत्र दारात येतं. गिऱ्हाईक ठरलेलं नसताना हे करू नका. सुरुवातीचे काही महिने गल्लीतल्या कांडप केंद्रातून कुटून घ्या. मात्र सकाळचा पहिला नंबर लावा आणि आपल्यासमोर उखळ पुसून घ्या. आधी कुणाचा काळा मसाला कुटला असेल तर त्याचा वास चटणीला लागतो, आणि तो घालवता येत नाही.

घरच्या मिक्सरवर भागवायचं असेल तर चार-पाच सेकंदांचेच फेरे द्या. सलग फिरवलं की भांडं तापतं, दाण्याला नको तितकं तेल सुटतं आणि चटणीचा लगदा होतो. सोलापुरी चटणी कुटलेली दिसली पाहिजे: दाताखाली कण यावा, चिमटीत धरली तर बोटाला तेल लागावं.

सुरुवातीला विकत घ्यायच्या वस्तू थोड्या आहेत: जाड बुडाची मोठी कढई, वैधमापन विभागाचा शिक्का असलेला काटा, हाताने दाबायचं सीलिंग मशीन आणि झाकणाचे कोरडे डबे.

चटणी खवट का होते

शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते तेल खराब होतं. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात लटकवलेलं पातळ पारदर्शक पाकीट तेव्हा आठवड्याभरात बाहेरून तेलकट होतं. लेबल तेल पितं आणि पत्त्याची शाई पसरते. असं पाकीट गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं. आतून अॅल्युमिनियमचा थर असलेलं जाड पाऊच दोन-तीन रुपयांनी महाग पडतं, पण तिथे काटकसर करू नका. दुकानदाराला माल सावलीत ठेवायला स्पष्ट सांगा.

दुसरं कारण ओल. दाणे मंद आचेवर भाजा, एका वेळी कढईत दोन किलोंपेक्षा जास्त टाकू नका. एक दाणा फोडून बघा: आतून बिस्किटाच्या रंगाचा दिसला पाहिजे. मध्ये पांढरा राहिला तर ओल आहे, तपकिरी झाला तर चटणी कडवट होणार. लसूण सोलून, ठेचून, कढईत हलका परतून पाणी घालवा. मीठसुद्धा भाजून घ्या. आणि चटणी पूर्ण निवल्याशिवाय पाकीट बंद करू नका. कोमट चटणीची वाफ आत जमते आणि बुरशी तिथूनच धरते.

दाणे निवडण्यात आळस नको. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. आपली चटणी लहान मुलंही खातात.

‘सहा महिने टिकते’ असं दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवून छापू नका. प्रत्येक खेपेतली आठ पाकिटं घरातल्या सर्वांत गरम जागी ठेवा आणि आठवड्याला एक फोडा. ज्या आठवड्यात वास बदलेल, त्याच्या बऱ्याच आधीची तारीख लेबलवर टाका.

भाव ठरवताना

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. उदाहरणापुरते दर धरू, तुमचे तुम्ही घाला. दहा किलो कच्चे दाणे 130 रुपयांनी, म्हणजे 1,300. मिरची, लसूण, जिरं, मीठ मिळून 300. दाणे निवडून, भाजून, टरफल पाखडून साडेआठ ते नऊ किलो उरतात. बाकी जिन्नस धरून चटणी साधारण दहा किलो. म्हणजे पाव किलोची 40 पाकिटं, मालाचा खर्च पाकिटामागे 40 रुपये.

इथे थांबून 70 रुपये भाव लावला जातो आणि 30 सुटले असं वाटतं. आता उरलेलं धरा. पाऊच-लेबल 6, कांडप आणि गॅस 5, दिवसाची 500 रुपये मजुरी वाटली तर साडेबारा, फुटलेली आणि चवीला वाटलेली पाकिटं अडीच. झाले 66. दुकानदार 20 टक्के ठेवणार, म्हणजे 70 मधले तुमच्या हाती 56. प्रत्येक पाकिटामागे 10 रुपये तोटा, आणि माल खपतोय म्हणून तो कळतही नाही. छापील किंमत 100 ठेवली तर दुकानातून 14 सुटतात, थेट गिऱ्हाइकाकडून 34. घरच्या बाईची मजुरी हिशेबात धरलीच पाहिजे. ती न धरता काढलेला नफा हा तिचाच पगार असतो.

थेट विकताना छापील किमतीच्या खाली जाऊ नका. शेजारच्या दुकानदाराला कळलं की तो तुमचा माल ठेवणं बंद करतो.

उधारी आणि साठा

‘दहा पाकिटं ठेवून जा, विकली की पैसे देतो’ हे प्रत्येक दुकानात ऐकायला मिळेल. पहिली दहा ठेवा, पण त्यांचे पैसे आल्याशिवाय पुढची दहा देऊ नका. वीस दुकानांत माल अडकवण्यापेक्षा आठवड्याला हिशेब चुकता करणारी पाच दुकानं बरी. दाणेही पोत्याने भरू नका, पंधरा दिवसांपुरतेच आणा. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि संक्रांत या काळात मागणी वाढते. तेवढ्यापुरता जादा माल करा.

श्रावणात आणि आषाढी वारीच्या दिवसांत अनेक घरांत लसूण चालत नाही. बिनलसणाची खेप केली नाही तर तेवढे दिवस विक्री पडते. तिचं लेबल वेगळ्या रंगाचं ठेवा.

कागदपत्रं

अन्नसुरक्षा नोंदणी पहिल्या विक्रीआधी करा. तिचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर लागतो. सोबत घटक पदार्थ, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, खेपेचा क्रमांक, शाकाहारी चिन्ह, पत्ता आणि शेंगदाण्याच्या अॅलर्जीची सूचना. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटला त्यासाठी हजार रुपये देऊ नका. मुद्रा या सरकारी कर्जयोजनेच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं, पण त्यातला निम्मा भाग कच्च्या मालासाठी राखून ठेवा.

कडक भाकरी जोडीला घेताना

पीठ आठवड्यापुरतंच दळा. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापतानाच कडेला चिरते. मालदांडी जातीची ज्वारी घेतलीत तर थापायला सोपं जातं. भाकरी पातळ हवी. मधे जाड राहिली तर कडा कडक आणि पोट चिवट, अशी तक्रार येते.

पावसाळ्यात ती सादळते. भाजून झाल्यावर पूर्ण निवू द्या, लगेच हवाबंद करा आणि दुकानात चार दिवसांचाच माल ठेवा. पुण्याला पाठवायची असेल तर भाकऱ्या उभ्या न ठेवता आडव्या, एकावर एक, घट्ट खोक्यात भरा. वरची मोकळी जागा कागदाने गच्च करा. खोकं हलवून बघा, आतून आवाज आला तर पुन्हा भरा.