घरी बांधलेलं विमान उतरवताना नाकाचं चाक कसं जपावं

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी सहा आसनी विमान उभं केलं, तेव्हापासून मुंबई-पुण्याचे मित्र मला विचारतात, स्वतः बांधलेलं विमान उडवायची भीती नाही वाटत? उडवायची नाही. उतरवताना मात्र मी वेगाच्या एक-दोन नॉटांसाठीही खळखळ करतो.

मी इकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, आरव्ही-९ए हे घरी बांधायचं विमान उडवतो. दोन आसनं, ॲल्युमिनियमचं अंग, आणि पुढे बारीकशा दांड्यावर छोटं चाक. हे चाक रडरला (शेपटीवरच्या, पायाने हलवायच्या सुकाणूला) जोडलेलं नसतं, मोकळं फिरतं. जमिनीवर हळू चालताना वळायचं ते डाव्या-उजव्या ब्रेकने. गवतात ते खड्ड्यात रुतलं आणि दांडा मागे दुमडला, तर विमान थेट पाठीवर. त्यामुळे पहिलं काम हँगरमधलं. शेपूट खाली दाबून नाक उचला, चाकाच्या आसाला ताणकाटा अडकवा आणि बाजूला ओढा. प्लॅनमध्ये दिलेला जोर लागला पाहिजे. नट सैल असेल तर उतरल्यावर चाक थडथडायला लागतं. टायरची हवाही तेव्हाच बघून घ्या.

आता वेग. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण बहुतेक लँडिंग बिघडतात ती फायनलवरच, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर. दुसऱ्याच्या विमानाचे आकडे आपल्या विमानाला लावू नका. आरव्हीच्या मूळ प्लॅनमध्ये स्टॅटिक पोर्ट (वेगाच्या काट्याला बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारं छिद्र) म्हणजे एका पॉप रिव्हेटचं उठलेलं डोकं. हौशी लोक ते ‘कुरूप’ म्हणून काढतात, सपाट पोर्ट बसवतात, आणि वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो. म्हणून पुरेशा उंचीवर जा, फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) पूर्ण, थ्रॉटल बंद, विमान हळूहळू स्टॉल करा, म्हणजे पंखांची उचल सुटेपर्यंत वेग कमी करा, आणि काटा काय दाखवतो ते लिहून ठेवा. एकट्याने वेगळं, शेजारी माणूस आणि मागे सामान ठेवून वेगळं. तो आकडा गुणिले १.३. काट्यावर ४५ नॉट आले, तर फायनलला ५८-५९. वारा झोत देत असेल तर झोत आणि सलग वारा यांच्या फरकाच्या निम्मे वाढवा. ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून वाढवू नका: वेग दहा टक्के जास्त म्हणजे जिरवायची ऊर्जा एकवीस टक्के जास्त. विमान तरंगत राहतं, धावपट्टी संपत येते, मग घाईने स्टिक पुढे जाते आणि नाकाचं चाक आधी टेकतं.

तिथून उसळ्या सुरू होतात. पहिली उसळी बारीक असेल तर नाक आहे तिथेच धरा, किंचित पॉवर द्या, विमानाला स्वतःहून बसू द्या. उसळी मोठी असेल किंवा दुसरी आली, तर विचार करत बसू नका. थ्रॉटल पूर्ण, गो-अराउंड: उतरणं सोडून पुन्हा वर. ट्रिम (स्टिकवरचा जोर हलका करणारी सोय) उतरण्यासाठी लावलेला असतो, त्यामुळे पूर्ण पॉवरला नाक जोरात वर उसळतं. स्टिक पुढे दाबून धरा, रडरला उजवा पाय द्या, वेग आला की फ्लॅप टप्प्याटप्प्याने उचला. हे सगळं आधी वर, हवेत करून बघा. हाताला किती जोर लागतो ते तिथे कळलेलं बरं.

मागची चाकं टेकली की स्टिक पोटाकडे, आणि तिथेच ठेवा. नाक आपोआप खाली येईल. ब्रेक लगेच दाबले की सगळा भार पुढच्या चाकावर जातो. ब्रॉडहेडच्या गवताच्या धावपट्ट्यांवर मी टॅक्सी करतानाही स्टिक मागेच ठेवतो, हँगरच्या दारापर्यंत.

शेपटीला चाक असलेलं विमान घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून सुरू झालेला तिरपेपणा वाढतच जातो आणि विमान गर्रकन फिरतं. रडरवरचे पाय थांबवायचे नाहीत, विमान थांबेपर्यंत.

सेकंडहँड विमान घेणाऱ्यांना विशेष सांगणं: एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेच्या २०१२ च्या अभ्यासानुसार, २०११ मध्ये अपघातात सापडलेल्या घरी बांधलेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक सेकंडहँड घेतलेली होती, त्या मालकाने स्वतः बांधलेली नव्हेत. पैसे देण्याआधी त्याच मॉडेलवर शिकवणारा इन्स्ट्रक्टर शोधा. विमान घरी आणण्याचं उड्डाण त्याच्यासोबतच करा, आणि जुन्या मालकाची स्टॉलच्या वेगांची वही मागून घ्या. वही नसेल, तर वर लिहिलेली चाचणी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून करा.