वाडीत आठवड्याचे सूतकताई-विणकाम मंडळ कसे चालवावे

कोकणच्या जांभ्या जमिनीत आणि इथल्या पावसात कापसाचे पीक घेतले जात नाही, त्यामुळे सूत कातण्यासाठी आठवड्यातून एकदा माणसे जमवण्याचा विचार मांडला की पहिला प्रश्न येतो तो कच्च्या मालाचा. तो सहज सुटतो. वर्ध्याकडच्या खादी संस्थांकडून तयार पेळू, म्हणजे कातण्यासाठी पिंजून गुंडाळलेल्या कापसाच्या लांबट वळ्या, मागवता येतात आणि दोन किलो पेळू दहा माणसांना हंगामभर पुरतात. अवघड प्रश्न निराळा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही: माग कधी आणायचा? सिंधुदुर्गातील आमच्या वाडीत गेली काही वर्षे दर गुरुवारी दुपारी असे मंडळ जमते आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे, की माग सर्वांत शेवटी आणावा.

आम्ही तो सर्वांत आधी आणला होता. एका संस्थेने मोडीत काढलेला माग टेम्पोत घालून आणला आणि देवळामागच्या मांगरात उभा केला. त्याला तारा सारख्या अंतरावर ठेवणारी दातेरी फणी नव्हती, आमच्याकडे सूत नव्हते आणि विणता येणारे माणूस तर वाडीत नव्हतेच. पहिल्या बैठकीला चाळीस माणसे माग पाहून गेली, दुसरीला नऊ आली आणि पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या आडव्या दांड्यावर कोंबड्या बसू लागल्या. मागाहून कळले, की साबरमतीच्या आश्रमातही क्रम असाच उलटा पडला होता. तिथे आधी हातमाग बसले आणि सूत मात्र गिरणीचे आणावे लागे. चरखा नंतर आला, तोही गंगाबेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातील विजापूर येथे लोकांनी माळ्यावर टाकून दिलेले चरखे शोधून काढल्यानंतर.

दिवस, वेळ आणि जागा

मंडळाची सुरुवात भातकापणी आटोपल्यावर, कार्तिकाच्या सुमारास करावी. लावणीच्या दिवसांत कोणाला उसंत नसते, चतुर्थीला घरोघरी मुंबईकर आलेले असतात आणि चैत्र-वैशाखात आंबा-काजूपुढे दुसरे काही सुचत नाही. कार्तिक ते शिमगा हे चार महिने सलग मिळतात आणि पहिल्या वर्षासाठी ते पुरेसे आहेत. आठवडा बाजाराचा दिवस टाळावा, परतीची एस.टी. किती वाजता सुटते ते पाहून वेळ ठरवावी आणि एकदा ठरलेला वार कोणत्याही कारणाने हलवू नये. दोनच माणसे आली तरी दोघांनी बसून कातावे. तिसऱ्या माणसाला पुढच्या आठवड्यात कुठे यायचे हे त्यामुळेच कळते.

जागेला छप्पर, उजेड आणि शेणाने सारवलेली किंवा फरशीची कोरडी जमीन एवढे पुरते. देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी किंवा कोणाच्या घरची ऐसपैस ओटी, यांपैकी जिथे सर्व घरांतल्या बायका संकोच न करता येऊन बसतील ती जागा निवडावी. पंखा बंद ठेवावा लागतो, कारण पेळूचे तंतू उडतात. म्हणून समुद्राकडचा वारा थेट आत येणार नाही, पण घुसमटही होणार नाही, अशी बसण्याची दिशा पहिल्याच दिवशी पाहून घ्यावी.

टकळीने सुरुवात

अंबर चरखा, पेटी चरखा ही नावे ऐकून माणसे उत्साहाने पैसे काढायला तयार होतात. त्यांना थांबवावे. दहा माणसांसाठी दहा टकळ्या घ्याव्यात. टकळी म्हणजे साधारण वीतभर लांबीची पोलादी सळई, तिच्या खालच्या टोकाजवळ पितळी चकती आणि वरच्या टोकाला बारीक आकडा. विकतच्या टकळ्या मिळाल्या नाहीत, तर सावंतवाडीसारख्या लाकडी कामाच्या गावी एखाद्या काताऱ्याकडून लाकडाच्या चकत्या आणि दांड्या करून घेता येतात. टकळीचे टोक फिरवायला करवंटीइतके चांगले भांडे नाही. अर्धी करवंटी आतून पॉलिश पेपरने गुळगुळीत घासावी, खाली कापडाची चुंबळ ठेवावी आणि तीत टकळी उभी धरावी.

शिकवणारे माणूस बाहेरून आणण्याआधी वाडीत चौकशी करावी. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना प्राथमिक शाळेत सूतकताईचा तास होता आणि तो त्यांच्या बोटांत अजून आहे. आमच्याकडे निवृत्त पोस्टमन निघाले, त्यांनी पन्नास वर्षांनी टकळी हातात घेतली आणि तिसऱ्या प्रयत्नाला हातभर तार काढली. जानव्यासाठी घरी सूत कातणारे एखादे भटजी असतील तर त्यांनाही आग्रहाने बोलवावे. चार शिकाऊंमागे एक जाणता असला म्हणजे कोणी ताटकळत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. चकतीच्या वरच्या बाजूला आधी कातलेल्या सुताचा हातभर तुकडा बांधावा, सळईवरून दोन वेढे देत वर न्यावा आणि आकड्यात अडकवावा. पेळू डाव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरावा. चिमणीचे पिलू धरावे इतकाच जोर असावा. सुताचे मोकळे टोक पेळूच्या तोंडाशी टेकवावे, उजव्या हाताने टकळीला गिरकी द्यावी आणि पीळ वर चढताना दिसला की डावा हात सावकाश वर ओढत न्यावा. हात पुरता वर गेला की ओढणे थांबवून आणखी दोन गिरक्या द्याव्यात, म्हणजे तार पक्की होते. मग आकड्यातून सोडवून ती चकतीलगत गुंडाळावी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे.

नवखे माणूस इथे हमखास एक चूक करते: तार तुटेल या भीतीने ते पेळू आवळून धरते. मग तंतू सुटत नाहीत, पीळ थेट पेळूत शिरतो आणि हातात दोरखंडासारखा गाठाळ गोळा येतो. अशा वेळी समजावत बसण्यापेक्षा त्या माणसाला वात वळायला सांगावे. आमच्या मंडळातल्या एक आजी तीन गुरुवार नुसत्या बसून होत्या, 'माका जमाचा नाय' म्हणून टकळीला हात लावत नव्हत्या. चौथ्या गुरुवारी त्यांनी चातुर्मासातली फुलवात वळतात तसा कापूस दोन बोटांत हलकेच फिरवला, दुसरीने तेवढ्यात टोक टकळीला लावून गिरकी दिली आणि वात लांबत लांबत त्यांच्या खांद्यापर्यंत गेली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'ही तर वातच आसा, फक्त संपणा नाय.' तेव्हापासून नव्या माणसाला आम्ही आधी वातीच वळायला देतो. काथ्याचे सुंभ वळलेल्या माणसांचे मात्र उलट असते; त्यांचा पीळ इतका कडक पडतो, की तार सैल सोडली तर ती स्वतःभोवती गुंडाळून वेणीसारखी होते. सैल सोडलेली तार किंचित वळून थांबली तर पीळ योग्य, सरळ लोंबली तर कमी, गुंता झाला तर जास्त, ही परीक्षा प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच यायला हवी.

तार तुटली तर गाठ मारू नये. दोन्ही टोके मोकळी करून तंतू विस्कटावेत, तीन-चार सेंटिमीटर एकमेकांवर ठेवावेत आणि पीळ द्यावा. गाठ पुढे फणीत अडकते आणि तिथे तिचा हिशेब चुकता करावा लागतो.

कोणी ना कोणी सावरीचा कापूस घेऊन येतेच आणि परसातले झाड असताना पेळू विकत का घ्यायचे, असे विचारते. सावरीचे तंतू गुळगुळीत आणि ठिसूळ असतात, एकमेकांना धरत नाहीत. ते उशीसाठी ठेवावेत.

बैठकीचे दोन तास

पहिला अर्धा तास घरी अडलेल्या गोष्टींसाठी ठेवावा. घरी कातताना ज्या ज्या ठिकाणी बिघडले ते सूत तसेच घेऊन यायचे, चांगले निवडून आणायचे नाही, असा नियम असावा. त्यानंतर तासभर सर्वांनी कातावे. या तासात गप्पा चालतात, भ्रमणध्वनी चालत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात सूत फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळून मोजण्याच्या चौकटीवर, घेऊन मोजावे, वहीत टिपावे आणि मगच चहा करावा. आमच्याकडे एकदा चहाबरोबर कांदाभजी आधी आली आणि त्या दिवशीच्या सुतावरचे तेलाचे डाग धुलाईनंतरही दिसत राहिले. तेव्हापासून शेवटी चहा आणि उकडलेल्या शेंगा एवढाच बेत असतो.

वहीत नाव, तारीख आणि मीटर एवढे तीनच रकाने असावेत. सर्वांत जास्त कोणी कातले ते मोठ्याने वाचून दाखवू नये. आम्ही दोनदा वाचले आणि दोन सुना येईनाशा झाल्या. कातलेल्या सुतापैकी किती मंडळाचे आणि किती ज्याचे त्याचे, हे मात्र पहिल्याच बैठकीत ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

सूत मोजणे

फाळका घरी करता येतो. लाकडी चौकटीवर चार खुंट्या अशा बसवाव्यात, की एका वेढ्याची लांबी सव्वा मीटर भरेल; ऐंशी वेढ्यांचे शंभर मीटर होतात आणि दर शंभर मीटरला रंगीत दोऱ्याने सैल बांधून घ्यावे. हजार मीटरची एक गुंडी. तिचे वजन ५० ग्रॅम भरले, तर एका किलोत वीस गुंड्या बसतात, म्हणून ते सूत मेट्रिक पद्धतीने २० नंबरचे. बाजारातल्या गिरणीच्या सुतावर मात्र जुना नंबर असतो, ज्यात एका पौंडात ८४० यार्डांच्या किती गुंड्या बसतात हे मोजतात. आपले २० नंबरचे सूत त्या मापाने जेमतेम १२ नंबरचे ठरते.

आता माग कधी आणायचा याचा हिशेब मांडता येईल. ७० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब असे तीन पंचे विणायचे आहेत आणि सेंटिमीटरला दहा तारा ठेवायच्या आहेत असे धरू. ताण्याला, म्हणजे कापडाच्या लांबीला, ७०० तारा लागतील आणि विणताना आक्रसणारी व मागावर वाया जाणारी लांबी धरून प्रत्येक तार सहा मीटरची, म्हणजे ४,२०० मीटर. बाण्याला, म्हणजे आडव्या विणीला, सुमारे ३,४०० मीटर. एकूण साडेसात गुंड्यांच्या थोडे वर. टकळीवर नवखा हात, तुटणे-सांधणे धरून, तासाला साठ मीटरच्या आसपास सूत काढतो. दहा माणसांचे आठवड्याला सहाशे मीटर. तेव्हा कार्तिकात सुरू केलेल्या मंडळाला पूर्ण सूत जमायला माघ उजाडतो. यावर एक तोडगा आहे, तो मी सर्वांना सुचवतो: पहिल्या वेळी ताण्याला सोलापूर किंवा इचलकरंजीकडून २० नंबरचे दुपदरी गिरणीचे सूत आणावे आणि हाताचे सूत केवळ बाण्यात घालावे. ताण्याच्या तारांना फणीचा घासा आणि ताण सतत सोसावा लागतो. नवख्या हाताचे सूत तिथे टिकत नाही आणि पहिल्याच खेपेस दिवसभर तुटलेल्या तारा सांधण्यात माणसांचा धीर सुटतो.

माग आणि ताणा

बाण्याच्या तीन गुंड्या वहीत जमा झाल्या म्हणजे मागाचा शोध सुरू करावा. खड्डामाग स्वस्त पडतो, परंतु कोकणात पावसाळ्यात खड्ड्याला पाझर फुटतो, म्हणून जमिनीवर उभा राहणारा चौकटीचा मागच घ्यावा. जुना घेताना फणीचे दात वाकलेले नाहीत ना, बाण्याचे सूत आरपार नेणारा धोटा सुरळीत धावतो ना आणि पायाखालची पावडी दाबल्यावर दोन्ही बाजू सारख्या उचलतात ना, एवढे पाहावे. पहिला ताणा लावून देण्यासाठी मात्र चार दिवस जाणता विणकर आणावाच. त्याचा मेहनताना आणि जाण्या-येण्याचा खर्च हा मंडळाचा सर्वांत योग्य जागी झालेला खर्च असतो.

ताणा खळ्यात खुंट्या ठोकून, सकाळी उन्हाच्या आधी काढावा. अकराच्या सुमारास समुद्राचा वारा सुटला की लांब तारा हेलकावे खातात आणि एकमेकींत अडकतात. हाताच्या सुताला खळ द्यायची असेल तर उकड्या तांदळाची पेज गाळून पातळ करून वापरावी. दमट हवेचा एक फायदाही आहे: कापसाने ओलावा घेतला की अधिक मजबूत होतो, त्यामुळे इथे तारा देशावरच्या कोरड्या उन्हाळ्याइतक्या तुटत नाहीत.

पावसाळ्याची तजवीज

मृगाआधी माग मोकळा करावा. आम्ही एक ताणा अर्धा विणून आषाढात तसाच ठेवला आणि पंधरा दिवसांत खळीवर काळी बुरशी धरली. लाकूड फुगल्याने धोटाही अडकू लागला. टकळीच्या सळयांना शिवणयंत्राचे तेल पुसावे, खोबरेल लावू नये, कारण थंडीत ते थिजते. पेळू पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि उघडीप मिळेल तेव्हा तासभर ऊन दाखवावे. भिजट पेळूतून तंतू सुटत नाहीत. राष्ट्रीय हातमाग दिन ७ ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसात येतो, म्हणून आम्ही आमचे प्रदर्शन दिवाळीत ठेवतो. पावसाळ्यात बैठक थांबवू नये. वीज गेली तरी टकळी चालते आणि दारापाशी बसून कातता येते.

विक्रीबाबत एवढेच सांगणे आहे, की खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार हाताने कातलेल्या सुतापासून हातमागावर विणलेले कापडच खादी होय आणि त्या नावाने विकायचे तर २०१३ च्या नियमांनुसार खादी मार्क हे प्रमाणचिन्ह घ्यावे लागते. ताणा गिरणीच्या सुताचा असेल तर कापडाला हातमागाचे कापड म्हणावे. आमचे पहिले तीन पंचे आम्ही विकले नाहीत. एक विणकराला दिला, एक पोस्टमन आजोबांना आणि तिसरा आजींनी मागून घेतला. तो त्यांनी देवघरात वातींच्या डब्याखाली घडी घालून ठेवला आहे.