मुक्कामाच्या ट्रेलरच्या बॉडीत करंट उतरतो का, हे कसे तपासावे

ट्रेलर रबरी टायरवर उभा असतो. अर्थिंग नीट नसेल आणि आतली एखादी वायर सोलून फेज पत्र्याला टेकला, तरी करंटला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. फ्यूज उडत नाही, एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारे बटण) पडत नाही, दिवे-पंखे नीट चालतात आणि अख्खी बॉडी २३० व्होल्टवर जाऊन बसते. आत बसलेल्यांनाही काही जाणवत नाही, कारण त्यांचे हातपाय त्याच बॉडीवर असतात. शॉक बसतो तो खाली ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दाराची कडी धरणाऱ्याला, बहुतेक वेळा लहान मुलाला.

जीपमागे ओढायचा कॅम्पर ट्रेलर असो, दिंडीबरोबर चालणारा टेम्पो असो की नाथषष्ठीला पैठणमध्ये लागणारी खाण्याची गाडी, पत्र्याची बॉडी, रबरी टायर आणि बाहेरून ओढलेली वायर हे तिन्ही असले की धोका सारखाच. आपल्याकडे त्यात जमिनीची भर पडते. काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल उडते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरते उरते. समजा त्याचा रोध ५० ओहम झाला. मग फेज बॉडीला टेकल्यावर जास्तीत जास्त साडेचार अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला दादही देणार नाही. म्हणून जवळ एक सळई ठोकून तिला बॉडी बांधली की झाले, हा समज सोडून द्यावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की वीज तोडणारे बटण) मात्र एवढ्या कच्च्या अर्थिंगवरही पडतो. सळई ठोकायची तर आरसीसीबीच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

सोबत ६०० व्होल्ट एसी मोजणारा मल्टिमीटर, वायरीला न टेकवता करंट ओळखणारा पेनसारखा टेस्टर, होल्डरमध्ये बसवलेला १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब, दीड फुटाची लोखंडी सळई आणि बादलीभर पाणी ठेवावे. पायात कोरडे, रबरी तळव्याचे बूट हवेत. ५०० व्होल्टचा मेगर (वायरीचे इन्सुलेशन तपासायचा मीटर) विकत घेण्याची गरज नाही, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तो असतो.

आधी बोर्ड, मग ट्रेलर

खरी गडबड बहुतेक वेळा ट्रेलरमध्ये नसते, जिथून वीज घेतो त्या बोर्डात असते. ढाबा, मंगल कार्यालय, शेतातली स्टार्टरची पेटी, प्रत्येक ठिकाणी नव्याने मोजा. काल पैठणला ठीक होते म्हणून आज तुळजापूरला ठीक असेल असे नाही.

तीन पिनांच्या सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यावर वरचे मोठे भोक अर्थचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. फेज-न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास व्होल्ट हवेत. खेड्यात संध्याकाळी थोडे कमी मिळतात. फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल-अर्थमध्ये शून्य ते तीन.

फेज-अर्थमध्ये शून्य किंवा हेलकावणारा आकडा आला, तर अर्थची वायर तुटलेली आहे किंवा जोडलेलीच नाही. फेज-अर्थ शून्य आणि न्यूट्रल-अर्थ २३० असेल तर फेज-न्यूट्रल उलटे जोडले आहेत. फेज-न्यूट्रलमध्ये ४००च्या वर आकडा दिसला तर तिथे दोन फेज आले आहेत. शेतातल्या पेटीवरून कोणी घाईत वायर काढून दिली की असे होते, आणि जोडताक्षणी ट्रेलरमधले सगळे जळते. शेतात आणखी एक गोष्ट विचारून घ्या: फेज आणि अर्थिंगवर बल्ब लावला आहे का? रात्री उजेड हवा म्हणून काही ठिकाणी तशी जोडणी करतात. त्यामुळे अर्थची वायर करंट वाहू लागते. ते अर्थिंग आपल्या ट्रेलरला जोडायचे नाही. आकडा टाकून घेतलेल्या विजेचा तर विचारही नको.

तिन्ही आकडे बरोबर आले म्हणून निर्धास्त होऊ नका. बोर्डात अर्थिंग नसताना काही जण अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून टाकतात. त्यात वायरी उलट्या आल्या तर अर्थच्या भोकातच फेज येतो, तरीही मीटरवर २३०, २३० आणि शून्यच दिसते. हे पकडायला सळई लागते. बोर्डाच्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून दोन-तीन मीटर दूर फूटभर सळई ठोका, भोवती पाणी ओता आणि सॉकेटचे अर्थचे भोक व सळई यांच्यामध्ये मोजा. दोन-चार व्होल्ट चालतील. दहाच्या वर गेले तर तो बोर्ड वापरू नका. पेनचा टेस्टर अर्थच्या भोकाजवळ पेटला तरी हेच समजा.

मल्टिमीटर फार थोडा करंट ओढतो, म्हणून नावापुरते उरलेले अर्थिंगही त्याला चांगले वाटते. त्यासाठी बल्ब आहे. फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. मिणमिणला तर अर्थिंग कच्चे. त्या ओळीवर आरसीसीबी असेल तर तो पडेल, आणि पडलाच पाहिजे. ही चाचणी वायरमनकडूनच करून घ्यावी. अर्थ तुटलेले असेल तर बल्बातून गेलेला करंट त्याच अर्थला जोडलेल्या मोटारीच्या, फ्रिजच्या बॉडीवर येतो. तेवढा वेळ त्यांना कोणी हात लावू नये.

पेचकसासारखा साधा टेस्टर फक्त फेज दाखवतो. अर्थिंग चांगले की वाईट, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

केबल

तीन कोरची, २.५ चौरस मिलिमीटरची, मध्ये एकही जोड नसलेली केबल हवी. प्लग १६ अँपिअरचा. अर्थची जाड पिन तोडलेला किंवा दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमधून घातलेला प्लग दिसला तर काम तिथेच थांबवा. केबल दोन्ही टोकांनी मोकळी करून अर्थच्या पिनपासून दुसऱ्या टोकापर्यंत रोध मोजा. २५ मीटरला साधारण ०.२ ओहम यायला हवा. एकच्या वर गेला तर स्क्रू सैल आहे किंवा तारा तुटल्या आहेत. हलवून, वाकवूनही बघा. उंदरांनी कुरतडलेल्या आणि दारात चेपलेल्या जागा हाताने चाचपून सापडतात. केबल गुंडाळलेली ठेवून हीटर चालवू नका, आतल्या आत तापून इन्सुलेशन वितळते.

बॉडी आणि आतली वायरिंग

प्लग काढलेला, इन्व्हर्टर बंद, बॅटरी सोडलेली. ट्रेलरच्या अर्थ पिनपासून चासी, दाराची चौकट, खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, ओढायचा हूक, बेसिन आणि गॅसची नळी, प्रत्येकापर्यंत एक ओहमपेक्षा कमी रोध हवा. मीटरची टोके रंगावर टेकवू नका, खरवडून उघड्या धातूवर टेकवा. जास्त आला तर बहुधा जोडाखाली रंग किंवा गंज सापडेल. पॉलिश पेपरने घासून ४ चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी वायर दाबलेल्या लगने (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी), दातेरी वॉशर आणि बोल्टने कसा. रिव्हेटवर भरवसा नको, रस्त्याच्या धक्क्यांनी ते सैल होतात.

न्यूट्रल आणि अर्थ ट्रेलरच्या आत कुठेही एकमेकांना जोडलेले नसावेत. जोडलेले असतील आणि बाहेरचा बोर्ड उलटा असेल, तर अर्थवरच फेज येतो आणि सगळी बॉडी जिवंत होते.

मग मेगर. इन्व्हर्टर, चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर आधी सोडवा, नाहीतर ५०० व्होल्टने ते जळतील. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजा. किमान एक मेगओहम हवा. कमी आला तर पहिला संशय गीझरच्या कॉइलवर घ्या. बरेच महिने बंद राहिली की ती ओल धरते. त्यानंतर पत्र्याच्या भोकातून रबरी बुशीशिवाय गेलेली वायर बघा, आणि मग प्लायच्या आत वायरीत घुसलेला स्क्रू. कपाट किंवा पडद्याचा दांडा नवा बसवला असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

आरसीसीबी आणि शेवटची चाचणी

३० मिलिअँपिअरचा, दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आरसीसीबी ट्रेलरमध्ये वीज शिरते तिथेच असावा. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. पण ते बटण अर्थिंग तुटलेले असतानाही काम करते, त्यावरून अर्थिंगचा पुरावा मिळत नाही. जनरेटर किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसेल, तर फेज बॉडीला टेकूनही आरसीसीबी पडत नाही. ही जोडणी यंत्र बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे, जनरेटरपाशीच, जाणकार वायरमनने करावी.

आता वीज सुरू करा आणि बॉडीला हात न लावता पेनचा टेस्टर पत्र्याजवळ न्या. पेटला तर लगेच बोर्डावरचे बटण बंद करा. न पेटल्यास ओल्या मातीतली सळई आणि चासी यांच्यामध्ये व्होल्ट मोजा, आणि एकेक उपकरण सुरू करत पुन्हा मोजत जा. दोन-तीन व्होल्ट ठीक. ८० ते १२० दिसले आणि हाताला मुंग्या येतात अशी तक्रार असेल, तर अर्थ कुठेतरी तुटले आहे. चार्जर आणि एलईडीच्या आतले फिल्टर बॉडीवर अर्धे व्होल्टेज ढकलतात. करंट थोडा असतो म्हणून लोक ते चालवून घेतात, पण त्याच तुटलेल्या अर्थवर उद्या गीझर बिघडला की पूर्ण फेज येईल.

कोणी चिकटलेच तर त्याला हात लावू नका. बोर्डावरची वीज बंद करा, मग १०८ला फोन. श्वास थांबलेला असेल तर मदत येईपर्यंत छाती दाबत राहा.

जोडताना केबल आधी ट्रेलरला लावा, मग बोर्डाला. निघताना आधी बोर्डाचा प्लग काढा, मग ट्रेलरचा. म्हणजे हातातले मोकळे टोक कधीच जिवंत नसते.